इशा ते फजर : एका स्वस्त क्रीमच्या रात्री

एका वजूत चेहरा तीन वेळा धुतला जातो. पाच नमाजांसाठी पाच वेळा वजू केला तर दिवसाचे झाले पंधरा. एकच वजू दोन नमाजांना पुरतो हे खरं, पण शाळेतून येताना खडूची धूळ आणि रस्त्याची माती अशी काही बसलेली असते की घरी आल्यावर साबणानं तोंड धुतल्याशिवाय चैन पडत नाही. पाणी बोअरचं. आमच्या बादलीच्या कडेला महिनाभरात क्षारांचं पांढरं पुट चढतं, ते तारेच्या घासणीनंही निघत नाही. तेच पाणी चेहऱ्यावर. त्यात परभणीची थंडी. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला किमान तापमानाचा आकडा डिसेंबर-जानेवारीत पेपरात छापून येतो आणि लोक एकमेकांना अभिमानानं सांगतात. हवेत ओल म्हणून नाही. ओठ उलतात, टाचा उलतात, आणि गाल असे ओढल्यासारखे होतात की वर्गात हसायचं म्हटलं तरी तडतडतात.

पूर्वी हे दोन महिने सोसून निघत. आता वय चाळिशीच्या पुढे गेलंय, आणि या वयात बाईच्या त्वचेतलं तेलपाणी कमी होत जातं. जाहिरातवाले त्याला घाबरवण्यासाठी काहीही नाव देवोत, गोष्ट साधी आहे. आधी जे चेहरा स्वतःहून करत होता, ते आता बाहेरून करावं लागतं.

म्हणून डिसेंबरच्या मध्यावर मी बाजारातल्या एका कटलरीच्या दुकानात गेले आणि म्हटलं, “रात्री लावायचं मॉइश्चरायझर दाखवा. दोनशेच्या आतलं.”

दुकानदारानं काउंटरवर सहा डब्या मांडल्या. “ही न्या मॅडम, आठ दिवसांत फरक.”

“कशात फरक?”

“रंगात.”

“रंगाचं काही नाही हो. कोरडं पडतंय, त्यासाठी पाहिजे.”

तो जरा गोंधळला. सहापैकी पाच डब्यांवर उजळ, गोरं, चमकदार, निखार अशा अर्थाचा कुठला ना कुठला शब्द होता. नुसतं ओलावा टिकवणारं क्रीम मागणारं गिऱ्हाईक बहुतेक त्याला रोज भेटत नसावं. सहावी डबी त्यानं अनिच्छेनंच पुढे सरकवली. पन्नास ग्रॅम, १४९ रुपये. तीच घेतली. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, मला तिची जाहिरात करायची नाही आणि पुढे जे सांगायचंय त्याला नावाची गरजही नाही.

आमच्या घरी क्रीम ही काही नवी वस्तू नव्हे. अम्मी अजूनही कुठल्याही क्रीमला ‘स्नो’ म्हणते. तिच्या आईच्या ट्रंकेत ‘अफगाण स्नो’ची निळसर बाटली असायची. हे स्नो मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी काढलं होतं, आणि एका काळी ते हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या घरात होतं. स्नो म्हणजे लावलं की दिसेनासं होणारं, दिवसा लावायचं. रात्रीसाठी वेगळं, तेलकट कोल्ड क्रीम. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की थंडीत लावायचं म्हणून कोल्ड क्रीम. तसं नाही. त्यातलं पाणी उडताना चेहऱ्याला गार वाटतं, म्हणून ते कोल्ड. तेव्हा ‘ओव्हरनाइट’ हा शब्द डबीवर नवा असला तरी झोपताना तोंडाला काहीतरी ओशट लावायची कल्पना फार जुनी आहे. अम्मीची स्वतःची कृती अजून वेगळी : ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबाचे चार थेंब, एका जुन्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत हलवून ठेवलेले.

डबी घरी आणली आणि चाळिशी लावून घटक वाचायला बसले. एवढ्या बारीक अक्षरात छापतात की ज्या वयाच्या बायकांसाठी ते क्रीम आहे, त्यांनाच ते वाचता येऊ नये. तरी वाचण्यासारखं असतं. घटक उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. जे सगळ्यात जास्त ते आधी, आणि एक टक्क्याहून कमी असलेले शेवटी, कसेही. माझ्या डबीवर पहिलं पाणी, दुसरं ग्लिसरीन, मग एक तेलकट पदार्थ, मग ‘सिटोस्टिअरिल अल्कोहोल’, मग पेट्रोलियम जेली, नायसिनमाइड, आणि शेवटाकडे सुगंध.

अल्कोहोल हा शब्द पाहून आपल्यातल्या बऱ्याच बायका डबी परत ठेवतात. स्टाफरूममध्येही हा विषय निघाला होता. तर, सिटिल, स्टिअरिल, सिटोस्टिअरिल ही अल्कोहोलं म्हणजे मेणासारखे पांढरे घट्ट पदार्थ आहेत. आजकाल ती बहुतेक पाम किंवा खोबरेल तेलापासून करतात. ती पिऊन कोणाला नशा येत नाही, आणि ती पिता येण्याजोगीही नसतात. रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुळाचं नाव आहे, दारू त्यातली एक. उर्दू शिकवणारी म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही : हा शब्द अरबीतल्या ‘अल-कुहल’वरून आला, आणि कुहल म्हणजे आपला सुरमा. अगदी बारीक केलेली पूड, मग एखाद्या वस्तूचा काढलेला अर्क, आणि मग युरोपात जाऊन दारूतला अर्क, असा त्याचा प्रवास. ज्या शब्दाला आपण घाबरतो तो आपल्याच सुरमेदाणीतून गेलेला आहे.

ग्लिसरीनचा प्रश्न मात्र खरा आहे. ते वनस्पती तेलापासूनही होतं आणि जनावराच्या चरबीपासूनही. चरबी कुठल्या जनावराची, ते डबीवर कोणी लिहीत नाही. एखादा पदार्थ पूर्णपणे बदलून दुसराच झाला तर त्याचा हुकूम बदलतो का, यावर उलेमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत. मी मुफ्ती नाही, त्यात पडत नाही. माझ्या डबीवर हिरवा ठिपका होता, तेवढ्यानं माझं काम झालं. शाकाहारी शेजारणींसाठी असलेला हा ठिपका आपल्यालाही किती उपयोगी पडतो हे आपण कधी मोकळेपणानं म्हटलेलं नाही.

आणि वजू? चेहऱ्यावर क्रीम असेल तर पाणी त्वचेला लागतं का? लहानपणी शिकलेला नियम असा की पाणी अडवणारा थर असेल, म्हणजे नेलपॉलिश, मेण, वाळलेला रंग, तर तो आधी काढायचा. तेलाचा नुसता ओशटपणा आड येत नाही. जिरून गेलेलं क्रीम दुसऱ्या प्रकारात बसतं. पेट्रोलियम जेली जाड थापली असेल तर ती पुसून काढलेली बरी. पण रात्रीच्या क्रीमचं सोपं असं की हा प्रश्न फारसा उरतच नाही. आपल्या दिवसात दोन वजूंमधलं सगळ्यात मोठं अंतर इशा आणि फजरच्या मधलं. थंडीत सव्वासातच्या सुमारास इशाची वेळ लागते आणि फजर साडेपाचनंतर. मी साडेदहाला पडते, म्हणजे सलग सात तास चेहऱ्याला कोणी हात लावत नाही. तहज्जुदवाल्यांचं सोडा, ते आपल्यापेक्षा वरचे लोक. वजू करून झोपायची सुन्नत आहे, तीही इथे कामाला येते. क्रीम कोरड्या चेहऱ्यावर चोळण्यापेक्षा ओलसर चेहऱ्यावर लावलेलं जास्त चांगलं, कारण त्याचं मुख्य काम आहे ते पाणी आत धरून ठेवणं.

हे काम तीन तऱ्हांनी होतं, आणि एवढं समजलं तर दोन हजाराच्या आणि दीडशेच्या डबीतला फरक बराचसा कमी होतो. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गिलावा. साबण, गरम पाणी आणि वय हा गिलावा खरवडून काढतात, आणि फटींतून पाणी उडून जातं. ग्लिसरीन आणि युरिया पाणी ओढून धरतात. तेलकट पदार्थ फटी बुजवतात, हाताला मऊ लागतं ते त्यांच्यामुळे. आणि पेट्रोलियम जेलीसारख्या वस्तू वरून झाकण घालतात. झाकण घालण्यात त्या जेलीला तोड नाही. चेसब्रो नावाच्या माणसानं १८७२ साली अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं, तेलाच्या विहिरींवरचा चिकट कचरा होता तो. दीडशे वर्षांत कोणाला तिच्याहून स्वस्त आणि भरवशाचं झाकण सापडलेलं नाही. महागड्या डबीत जास्तीचे पैसे असतात ते वासाचे, काचेच्या डबीचे, आणि जाहिरातीतल्या बाईचे. थोडे चांगल्या पोताचेही असतात, ते मान्य.

आता प्रयोग. मास्तरणीला साधं क्रीमही सरळ लावता येत नाही. आधी तीन रात्री कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं. खाज नाही, लाली नाही. मग उजव्या गालाला क्रीम, डाव्याला अम्मीचं ग्लिसरीन-गुलाबपाणी. लिंबू वगळून, कारण लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग उठू शकतात. अम्मीला हे पटलं नाही. “हमारी उमर गई लगाते लगाते,” म्हणाली. आणि दोन आठवड्यांनी गाल बदलायचे हेही सुरुवातीलाच ठरवलं, कारण मी उजव्या कुशीवर झोपते, आणि उजव्या गालाचं निम्मं क्रीम उशीच्या अभ्र्याला जाणार हे उघड होतं.

एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर रोज सकाळी फजरच्या आधी दोन ओळी लिहिल्या. त्यातलं थोडं इथे देते. दुसरी सकाळ : दोन्ही गाल मऊ, डावा चिकट, केस चिकटले. पाचवी सकाळ : तडतड थांबली, दोन्हीकडे. नववी : अभ्र्यावर उजवीकडे ओशट डाग. अकरावी : नाकाशेजारी, जिथे जास्त लागलं तिथे एक पुळी. त्यानंतर हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा कमी घ्यायला लागले. सोळावी, गाल बदलून दोन दिवस : फरक नाही. पंचविसावी : ओठांच्या कडा क्रीमनं भरत नव्हत्या, तिथे पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं, दोन रात्रीत भरल्या.

निकाल असा की दोन्ही चालतात. क्रीम कमी चिकट, म्हणून मी क्रीम चालू ठेवलं. ज्यांना पैसे नाहीत किंवा लावायचे नाहीत त्यांनी ग्लिसरीनमध्ये भरपूर गुलाबपाणी घालून लावलं तरी थंडी निघून जाईल. जेली ओठांना आणि टाचांना, पुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर नको. माझ्या हिशेबानं एका वेळेस अर्धा ग्रॅम लागतं, म्हणजे पन्नास ग्रॅममध्ये शंभर रात्री, आणि रात्रीचा खर्च दीड रुपया. गालावरचा वांग होता तिथेच आहे. ओलावा देणाऱ्या क्रीमनं वांग जात नाही, त्याला उन्हापासून झाकणं आणि डॉक्टर लागतात. रंग जो होता तोच आहे. आमच्या शाळेतले सायन्सचे सर ऐकून म्हणाले, “एका चेहऱ्यावरून काही सिद्ध होत नाही, आपा.” खरंच आहे, पण माझ्याकडे एकच आहे.

हे सगळं एवढंच असतं तर मी लिहिलंही नसतं. जानेवारीत माझी भाची आठ दिवस राहायला आली. धाकट्या बहिणीची मुलगी, नांदेडची, एकवीस वर्षांची. ईदनंतर तिचा निकाह ठरलाय. पहिल्याच रात्री मला डबीतून क्रीम काढताना पाहून तिनं विचारलं, “खाला, इससे रंग खुलता क्या?”

“नै.”

“फिर कायकू लगाते?”

मी हसले. मग तिच्याकडे नीट पाहिलं. मुलगी सावळी, आमच्या अब्बांच्या रंगाची. आता चेहरा वेगळाच गोरा, गुलाबी, आणि मान, कान, हात जुन्याच रंगाचे. गालांवर बारीक लाल रेघा. हनुवटीवर लव वाढलेली. दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तर पाच मिनिटांत “जलता है” म्हणत खाली आली. मी विचारलं तेव्हा तिनं पर्समधून डबी काढली. गुलाबी झाकण, बाहेरची काहीतरी लिपी, एका गोऱ्या बाईचा फोटो. घटक नाहीत. बॅच नंबर नाही. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही. कायद्यानं यातलं प्रत्येक डबीवर लागतं. एका ओळखीच्या पार्लरवालीनं दिलेली, साडेतीनशेला. “सब लडकियाँ यही लगातीं खाला. दोन दिवस नाही लावलं तर चेहरा लाल होतो, पुन्हा लावलं की बरं होतं.”

शेवटचं वाक्य ऐकून मी तिला दुसऱ्या दिवशी स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर बाईंनी डबी उलटसुलट करून पाहिली. अशा डब्यांमध्ये मुख्यतः दोन गोष्टी सापडतात, त्या म्हणाल्या. एक स्टिरॉइड. ते खाज-इसबाच्या मलमातही असतं, तिथे थोड्या दिवसांसाठी त्याचा उपयोग आहे. तोंडाला महिनोन् महिने लावलं की आधी गोरं दिसतं, मग कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसतात, लव वाढते, पुळ्या येतात, आणि सोडलं की चेहरा भडकतो. भडकतो म्हणून माणूस पुन्हा लावतो. सरकारनं २०१८ साली अशी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. दुसरी गोष्ट पारा. पारा त्वचेत रंग तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून उजळपणा येतो. पण तो कातडीतून आत जातो आणि किडनीत बसतो. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. काही वर्षांपूर्वी अकोल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. आई आणि दोन मुली, तिघींनाही किडनीचा आजार, आणि शेवटी धागा सापडला तो एका ब्युटिशियननं दिलेल्या क्रीमचा. त्यात पारा निघाला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले आहेत. लावणारीच्या टॉवेलमधून, उशीतून तो घरातल्या लेकरांपर्यंतही जाऊ शकतो.

भाचीच्या डबीत काय होतं ते प्रयोगशाळेशिवाय सांगता येत नाही, पण चेहरा पाहून डॉक्टरांना स्टिरॉइडची खात्री वाटत होती. लघवीची तपासणी केली. प्रोटीन नव्हतं. अल्हम्दुलिल्लाह. डबी बंद करायची, औषधं घ्यायची, ऊन टाळायचं, आणि साधं मॉइश्चरायझर लावायचं. मी मोठ्या उत्साहानं पर्समधून माझी १४९ची डबी काढली. त्यांनी घटक वाचले आणि म्हणाल्या, “तुम्हाला ठीक आहे. हिला नको, यात सुगंध आहे. हिच्या चेहऱ्याला सध्या काहीही झोंबेल.” बिनवासाचं एक लिहून दिलं, किंमत साधारण तेवढीच. “पण एक सांगून ठेवते,” त्या म्हणाल्या, “बंद केल्यावर आधी वाईट दिसेल. काही आठवडे, कदाचित काही महिने.”

काही महिने म्हणजे निकाहच्या पलीकडे. रात्री बहिणीला फोन केला तर ती रडायलाच लागली. “बाजी, शादी तक लगाने दो. दो-ढाई महीने की बात है. फिर छोड देगी.” मी तिला दोष देत नाही. आपल्या समाजात स्थळ पाहायला आलेल्या बायका चहाचा कप हातात घेऊन मुलीच्या मनगटाकडे पाहतात, चेहऱ्यावर भरवसा नसतो त्यांचा. आखरी खुतब्यात गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही असं बजावलेलं आहे. सीरतच्या स्पर्धेत आमच्या मुली ते पाठ म्हणतात, बक्षीसं घेतात, आणि त्याच मुलींच्या बायोडेटावर ‘रंग : गोरा’ असा एक रकाना भरलेला असतो. बाकी समाज काही वेगळा आहे असं नाही. ज्या क्रीमनं १९७५पासून या देशाला गोरेपणा विकला, त्यानं २०२०मध्ये नावातला ‘फेअर’ काढला. आपल्या रकान्यातला ‘गोरा’ अजून तिथेच आहे.

भाची त्या रात्री माझ्याजवळ झोपली. दिवा बंद केल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाली, “खाला, त्यांनी हाच चेहरा पसंत केलाय. क्रीमवाला. माझा पाहिलेलाच नाही कोणी.”

याला काय उत्तर द्यायचं? ‘सीरत महत्त्वाची, सूरत नाही’ हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. फळ्यावर शंभरदा लिहिलेलं वाक्य. एकवीस वर्षांच्या मुलीला, जिच्या चेहऱ्याची आग होतेय आणि जिच्या लग्नाचा हॉल बुक झालाय, तिला ते ऐकवायला जीभ धजली नाही. मी एवढंच म्हटलं की डबी बंद करायची की नाही हे आता डॉक्टरांनी सांगितलंय, ते आपल्या हातात नाही. पण सासरी कळवायचं की नाही, कसं कळवायचं, ते तू ठरव. तू म्हणशील तसं मी तुझ्या अम्मीशी बोलेन.

तिनं डबी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे दिली. मी ती फेकली नाही, पिशवीत बांधून ठेवलीय, डॉक्टरांना कोणी तपासून देणारं भेटलं तर हवी होती. अठ्ठेचाळीस तासांत चेहरा सुजला. लाल, गरम, पापण्यांपर्यंत. वजूचं पाणी लागलं तरी डोळ्यात पाणी यायचं. मी तिला कोमट पाणी, एकेका चुळक्यानं, चोळायचं नाही, असं शिकवलं. फर्ज एकदाच धुणं आहे, तीनदा सुन्नत, आजाऱ्याला त्रास होत असेल तर एकदाच पुरतं. नांदेडला परत जायची होती ती तीन आठवडे राहिली. दर रात्री आम्ही दोघी आपापल्या डब्या घेऊन बसायचो, माझी वासाची, तिची बिनवासाची.

उरूस सुरू झाला होता तेव्हा. तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याच्या उरसात पाळणे, मिठाई, इत्र, सुरमा सगळं असतं. दरवर्षी ती बांगड्यांच्या रांगेतून हलत नाही. या वेळी तोंडाला ओढणी गुंडाळून गेली आणि तासाभरात परत आली. कोणी काही म्हटलं नव्हतं. पण एका स्टॉलवर तिनं तीच गुलाबी झाकणाची डबी ओळीनं मांडलेली पाहिली होती.

त्या रात्री तिनं स्वतःचा एक फोटो काढला, पावडर नाही, काही नाही. आणि होणाऱ्या नणंदेला पाठवला. खाली लिहिलं की डॉक्टरांचा इलाज चालू आहे, चेहरा असा आहे, पुढे जो माझा रंग आहे तो येईल, अम्मीला दाखवा. मला पाठवल्यावर सांगितलं. मी बहिणीला फोन करायला उठले, तिनं हात धरून बसवलं.

नणंदेचा फोन तासाभरानं आला. भाचीनं स्पीकरवर टाकला. तिकडची मुलगी फार हळू बोलत होती, बहुतेक न्हाणीघरातून. सासूला फोटो अजून दाखवलेला नव्हता. तिनं विचारलं की ती डॉक्टर परभणीत नक्की कुठे बसते, फी किती, आणि बंद केल्यावर किती दिवस असं सुजतं.